छोट्या कॅबिनेटमधला डेस्कटॉप: सुटे भाग कोणत्या क्रमाने निवडायचे

छोटा पीसी जुळवणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. आधी प्रोसेसर ठरतो, मग ग्राफिक्स कार्ड, मग मदरबोर्ड, आणि सगळी खोकी घरात आली की "आता हे सगळं मावेल असं लहान कॅबिनेट कोणतं?" हा शोध सुरू होतो. मोठ्या एटीएक्स टॉवरला हा क्रम चालून जातो. दहा-पंधरा लिटरच्या कॅबिनेटमध्ये मात्र एका भागाची जागा दुसऱ्याच्या जागेतून कापलेली असते. कूलर उंच घेतला की कार्ड बारीक घ्यावं लागतं, पॉवर सप्लाय लांब घेतला की केबल वळवायला जागा उरत नाही.

म्हणून इथला क्रम उलटा आहे: आधी काम, मग कॅबिनेटची मांडणी, मग कार्ड आणि कूलर, आणि बाकी सगळं त्यानंतर. आठवा टप्पा पूर्ण होईपर्यंत काहीही मागवू नका. त्याआधी लागतात फक्त एक वही, मोजपट्टी आणि थोडा जाड पुठ्ठा.

## १. कामावरून वॅट काढा

छोट्या कॅबिनेटमध्ये सगळं शेवटी येऊन अडतं ते उष्णतेपाशी. त्यामुळे पहिला प्रश्न "कोणता प्रोसेसर?" हा नसून "आत किती वॅट जळणार?" हा आहे.

प्रोसेसरच्या खोक्यावरचा टीडीपी (कंपनीने छापलेला वॅटचा आकडा) इथे धरू नका. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डवरची प्रोसेसरची बैठक) ६५ वॅट टीडीपीचा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत खेचतो, १०५ वाला १४२ पर्यंत, १२० वाला १६२ पर्यंत आणि १७० वाला २३० पर्यंत. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के ची वरची मर्यादा २५३ वॅट आहे. वहीत हे मोठे आकडे लिहा.

कार्डाचं गणित सोपं असतं, कारण कंपनी कार्डाची पूर्ण वीज सांगते: आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, ४०७० ला २००, ५०७० ला २५०, ५०९० ला ५७५.

माझा अंदाज असा: ७० मिमीपेक्षा बुटका कूलर लावावा लागणार असेल तर ६५ वॅट वर्गातला प्रोसेसर घ्या. वरचा हवाच असेल तर बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज कमी ठेवणारा इको मोड लावून तो त्याच मर्यादेत बांधा. गेमिंगमध्ये यामुळे फार थोडं हातचं जातं. व्हिडिओ रेंडर किंवा कोड कंपाइल करण्यात फरक जाणवतो, आणि तुमचं मुख्य काम तेच असेल तर कॅबिनेट थोडं मोठं घेणं शहाणपणाचं.

कार्ड लागतंच का, हेही एकदा स्वतःला विचारा. कार्यालयीन काम, फोटो, हलके गेम एवढंच असेल तर रायझन ७ ८७००जी सारखा, आत बऱ्यापैकी ग्राफिक्स असलेला प्रोसेसर पुरतो. मग पाच लिटरचं कॅबिनेटही चालतं आणि या लेखातले निम्मे टप्पे गळून पडतात.

तपासा: वहीच्या पहिल्या ओळीत दोनच आकडे हवेत, प्रोसेसरचे कमाल वॅट आणि कार्डाचे कमाल वॅट.

## २. कॅबिनेटची मांडणी ठरवा

मॉडेल नंतर, मांडणी आधी. मुख्य प्रकार दोन.

पहिला सरळ मांडणीचा. कार्ड थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसतं, म्हणजे मोठ्या टॉवरचीच ही लहान आवृत्ती. कूलर मास्टरचं एनआर२०० हे १८ लिटरच्या आसपासचं कॅबिनेट याच जातीचं. उंच कूलर बसतो, पंख्यांना जागा असते, हात आत जातो.

दुसरा सँडविच. मधे एक भिंत, तिच्या एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला कार्ड, आणि दोन्हींना जोडणारी रायझर नावाची चपटी केबल. फ्रॅक्टल डिझाइनचं टेरा (१०.४ लिटर) किंवा लियान लीचं ए४-एच२ओ (११ लिटर) ही याची उदाहरणं. कार्ड थेट बाजूच्या जाळीतून हवा ओढतं, त्यामुळे ते गार राहतं. प्रोसेसरच्या वाट्याला मात्र बुटका कूलर येतो, नाहीतर जिथे सोय असेल तिथे लिक्विड कूलरचा रेडिएटर.

पहिल्यांदाच जुळवत असाल तर सरळ मांडणी आणि १५ ते २० लिटर, यावर फार विचार करू नका. सँडविचमध्ये चूक झाली तर ती शोधायला अर्धं कॅबिनेट उघडावं लागतं.

लिटरचा आकडा स्वतः काढा: बाहेरची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि हजाराने भागायचं. काही कंपन्या पाय आणि बाहेर आलेले भाग वगळून मोजतात, त्यामुळे दोन कॅबिनेटची तुलना छापील लिटरवरून केली तर ती फसवी ठरते.

आणखी एक. टेबलाखालीच ठेवायचं असेल आणि लहानपणाची खास हौस नसेल, तर मायक्रो-एटीएक्स घ्या. २४४ × २४४ मिमीचा बोर्ड, बहुधा रॅमचे चार स्लॉट, साधा पॉवर सप्लाय, आणि डोक्याला ताप निम्मा.

## ३. कॅबिनेटच्या माहितीतले आकडे नीट वाचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

माहितीपत्रकात "कूलर कमाल इतका, कार्ड कमाल इतकं, पॉवर सप्लाय कमाल इतका" असं लिहिलेलं असतं. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे खरा असतो. सगळे एकाच वेळी खरे असतीलच असं नाही.

टेराचं उदाहरण घ्या. त्याची मधली भिंत सरकते. कूलरची उंची ४८ ते ७७ मिमी आणि कार्डाची जाडी ४३ ते ७२ मिमी, असं लिहिलेलं आहे. वरवर वाचणारा ७७ चा कूलर आणि ७२ चं कार्ड मनात धरतो. पण बेरीज करून पाहा: ७७ अधिक ४३ म्हणजे १२०, आणि ४८ अधिक ७२ म्हणजेही १२०. दोघांच्या वाट्याला मिळून १२० मिमीच आहेत. ६१ मिमी जाडीचं तीन स्लॉटचं कार्ड घेतलं की कूलरला उरतात ५९. नॉक्टुआचा ७० मिमीचा एनएच-एल१२एस हवा असेल तर कार्ड ५० मिमीच्या आत हवं. त्यात भिंत ठरावीक टप्प्यांनीच सरकते, तेव्हा दोन-चार मिलिमीटर आणखी सोडून द्या.

अशीच छुपी देवाणघेवाण बाकी ठिकाणीही असते. वहीत ती अशी उतरवा:

- कार्डाची कमाल लांबी समोरचा पंखा धरून आहे की न धरता? साधा पंखा २५ मिमी जाड असतो, बारीक पंखा १५.
- रेडिएटर लावल्यावर कार्डाची लांबी किंवा उंची किती उरते? साधा रेडिएटर २७ मिमी आणि पंखा २५, मिळून ५२ मिमी जातात.
- एसएफएक्स या छोट्या मापाऐवजी त्याहून लांब एसएफएक्स-एल पॉवर सप्लाय घेतला तर ३० मिमी जातात. कुठून?
- काचेचं झाकण लावलं की कूलरची उंची कमी होते का? जाळीच्या आणि काचेच्या झाकणाला वेगळे आकडे असू शकतात.

सावधान: कॅबिनेटच्या पानावर "साठ्यासाठी इतक्या जागा" असं लिहिलेलं असलं तरी मोठं कार्ड किंवा रेडिएटर बसवल्यावर त्यातली एखादीच उरते.

## ४. ग्राफिक्स कार्ड: तीन मापं आणि एक केबल

लोक कार्डाची लांबी पाहतात आणि तिथेच थांबतात. मापं तीन असतात.

लांबी सगळ्यांना कळते. जाडी "दोन स्लॉट", "अडीच स्लॉट" अशी सांगतात. एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिमी. पण २.२ स्लॉटचं कार्डही तीन स्लॉटची जागा अडवतं, म्हणून मिलिमीटरमधला आकडा शोधून लिहा. तिसरं माप उंची, म्हणजे स्लॉटपासून कार्डाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. हे हमखास विसरलं जातं. बऱ्याच कार्डांची कड मागच्या पत्र्याच्या पट्टीच्याही वर येते, आणि सँडविच कॅबिनेटमध्ये नेमकी तीच कड जाऊन चौकटीला टेकते.

आणि त्या कडेवरच विजेचं तोंड असतं. नव्या एनव्हिडिया कार्डांवरच्या १६ पिनी कनेक्टरला लागूनच केबल मोडायची नाही, निदान ३५ मिमी सरळ जाऊ द्यायची असते. म्हणजे कार्डाची उंची अधिक ३५ अधिक वळण, एवढी जागा झाकणाच्या आत हवी. काचेचं झाकण दाबून बसवल्यावर केबल तिरकी होऊन कनेक्टर अर्धवट बाहेर येणं, हा गरम होऊन वितळण्याचा सरळ रस्ता आहे. जुन्या ८ पिनी कनेक्टरला एवढा धोका नसतो, पण त्याचीही तोंडं आणि वळण मोजावंच लागतं.

आता पुठ्ठा काढा. कार्डाच्या तिन्ही मापांचा ठोकळा कापून चिकटवा, विजेच्या तोंडाच्या जागी आणखी ३५ मिमीचा तुकडा लावा. कॅबिनेट आधीच घरात असेल तर तो आत घालून पाहा. नसेल तर कॅबिनेटच्या आतल्या मापांची चौकट जमिनीवर आखा. हास्यास्पद वाटतं, पण कार्ड परत करण्यापेक्षा हे बरं.

सँडविच असेल तर रायझरची पिढी बघा. पीसीआय एक्सप्रेस (कार्डाच्या स्लॉटचं प्रमाण) ३ ची रायझर आणि ४ चं कार्ड ही जोडी काळ्या पडद्याचं नेहमीचं कारण. बायोसमध्ये स्लॉटचा वेग रायझरच्या पिढीवर बांधला की प्रश्न सुटतो. पाचव्या पिढीचं कार्ड चौथ्या पिढीच्या रायझरवर लावतानाही हेच करा.

तपासा: लांबी, जाडी, उंची, विजेच्या तोंडाची जागा. चारही वहीत आहेत?

## ५. कूलर: उंची जमली म्हणजे कूलर बसला असं नाही

कार्ड ठरल्यावर कूलरला किती उंची उरली ते आता कळलं. त्या उंचीतला सगळ्यात मोठा कूलर घ्या, मात्र झाकणापासून थोडी फट ठेवून. वर वाऱ्याला जाळी असेल तर तीन मिलिमीटर चालतात. बंद पत्रा किंवा काच असेल तर पंख्याला हवाच मिळत नाही; मग उंची जमूनही कूलर निरुपयोगी.

आता आडवं पाहा. बुटके कूलर पसरट असतात आणि रॅमवर झुकतात. साधी, डोकं नसलेली रॅम ३१-३२ मिमी उंच असते. रंगीत दिव्यांची रॅम सहज ४४ च्या पुढे जाते. पंखा धातूच्या पात्यांच्या खाली असलेल्या कूलरखाली ती जाणारच नाही. छोट्या कॅबिनेटसाठी दिव्यांची रॅम घेऊच नका, झाकणाआड ते दिवे दिसतही नाहीत.

दुसरा अडथळा मदरबोर्डचा स्वतःचा. छोट्या कॅबिनेटसाठीच्या मिनी-आयटीएक्स बोर्डवर व्होल्टेज नियंत्रणावरचे ॲल्युमिनियमचे ठोकळे आणि मागच्या पोर्टांवरचं झाकण सॉकेटला अगदी खेटून असतं. कूलर कंपनीच्या संकेतस्थळावर बोर्डनिहाय सुसंगतता यादी असते, ती पाहिल्याशिवाय कूलर नक्की करू नका.

तिसरं, सॉकेट. एएम४ या आधीच्या सॉकेटचे बरेचसे कूलर एएम५ वर चालतात, पण सगळे नाहीत. एएम५ ची मागची पट्टी काढता येत नाही, त्यामुळे जे कूलर ती काढून स्वतःची पट्टी लावतात ते अडतात. नॉक्टुआच्या ३७ मिमीच्या एनएच-एल९ए ची एएम४ आणि एएम५ साठी वेगळी मॉडेलं आहेत ती याच कारणाने.

लिक्विड कूलर लावणार असाल तर नियम एकच: पंप हा वळशातला सगळ्यात उंच भाग नको. रेडिएटरचा निदान वरचा भाग पंपाच्या वर हवा, नाहीतर आतली हवा पंपात जमते. शिवाय नळ्या किती वाकतात तेही बघा. छोट्या कॅबिनेटमध्ये लांब, ताठ नळ्या सगळ्यात त्रास देतात.

## ६. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी

मिनी-आयटीएक्स म्हणजे १७० × १७० मिमी. कार्डासाठी एकच स्लॉट, रॅमसाठी बहुधा दोन. यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. वाय-फाय बोर्डवरच हवं, कारण नंतर वेगळं कार्ड लावायला जागा नाही. आणि रॅम एकदाच, पुरेशी आणि जोडीने घ्यायची. "आत्ता एक, पुढच्या वर्षी दुसरी" हे मोठ्या बोर्डवरचं धोरण इथे कामाचं नाही. रॅमची पिढीही जुळवा: एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर बोर्डनुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५, आणि एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये जात नाही.

बोर्ड निवडताना लोक प्रोसेसर चालतो का एवढंच बघतात. त्यापेक्षा या बारीक गोष्टी जास्त रडवतात: कॅबिनेटच्या समोरच्या टाइप-सी पोर्टसाठी बोर्डवर वेगळं तोंड असावं लागतं, आणि स्वस्त बोर्डांवर ते बऱ्याचदा नसतं. पंख्यांची तोंडं दोन किंवा तीनच असतात. जास्त पंखे असतील तर विभाजक केबल यादीत टाका.

एसएसडी ८० मिमी लांबीची एम.२ (थेट बोर्डवर बसणारी) घ्या, विषय संपला. फक्त दुसरा एम.२ स्लॉट बोर्डच्या पाठीवर असेल तर तिथे उंच हीटसिंकवाली बसत नाही आणि हवाही पोचत नाही, म्हणून जास्त राबणारी ड्राइव्ह पुढच्या स्लॉटला.

## ७. पॉवर सप्लाय आणि केबल

मापं आधी. एसएफएक्स १२५ × ६३.५ × १०० मिमी, एसएफएक्स-एल ची लांबी १३० मिमी. साधा एटीएक्स १५० × ८६ मिमी आणि लांबी १४० किंवा जास्त. फ्लेक्स एटीएक्स सगळ्यात बारीक, पण त्याचा छोटा पंखा किंचाळतो; दुसरा पर्याय नसेल तरच घ्या.

वॅटची बेरीज पहिल्या टप्प्यातल्या दोन आकड्यांवरून करा. समजा प्रोसेसर ८८, कार्ड २५०, बोर्ड-रॅम-पंखे-एसएसडी मिळून ६०. झाले सुमारे ४००. कार्ड क्षणभर याहून बरंच जास्त खेचतं, म्हणून ६५० वॅट घ्या. १००० वॅटचा लावून काही गार होत नाही.

केबल मॉड्युलर (सुट्या काढता येणाऱ्या) हव्यात आणि लांबी बघून घ्या. साध्या आकाराच्या कॅबिनेटसाठी बनवलेल्या ६० सेंटिमीटरच्या जाड केबल दहा लिटरमध्ये कोंबल्या की पंख्यासमोर त्यांचाच पडदा तयार होतो.

सावधान: एका पॉवर सप्लायच्या मॉड्युलर केबल दुसऱ्याला कधीही लावू नका. तोंड बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि पहिल्याच बटणाला बोर्ड किंवा ड्राइव्ह जळते. कंपनी एकच असली तरी मॉडेल तपासा.

## ८. मागवण्याआधी वही पुन्हा वाचा

एका पानावर कॅबिनेटच्या मर्यादा, समोर तुमच्या भागांची मापं, आणि शेवटच्या रकान्यात उरलेली जागा. एखाद्या ओळीत उरलेली जागा शून्य ते दोन मिमी असेल तर ती ओळ नापास समजा. पत्रा वाकतो, स्क्रूचं डोकं आडवं येतं, केबल फुगते.

त्याच मॉडेलच्या कॅबिनेटमध्ये तेच कार्ड बसवलेले फोटो शोधा. फोटोत झाकण लावलेलं आहे का हे पाहा. झाकण काढून ठेवलेला सुंदर फोटो काहीच सिद्ध करत नाही.

## ९. जोडणीचा क्रम

१. सगळ्यात आधी बाहेर चालवून पाहा. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कूलर आणि पॉवर सप्लाय जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर पडदा थेट बोर्डला लावा. एएमडीचे नावापुढे एफ असलेले आणि इंटेलचे एफ असलेले प्रोसेसर याला अपवाद. तिथे कार्डही बाहेरच लावावं लागतं.

२. डीडीआर५ वर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड रॅम जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबत बसू नका.

३. नवा प्रोसेसर आणि जुन्या साठ्यातला बोर्ड असेल तर बायोस आधी अद्ययावत करा. पेन ड्राइव्हवरून, प्रोसेसरशिवायही बायोस भरता येईल असं बटण मागच्या बाजूला असेल तर हे काम सोपं होतं.

४. पाठीवरची एम.२ आणि कूलरची मागची पट्टी बोर्ड कॅबिनेटमध्ये जाण्याआधीच. नंतर तिथे हात जात नाही.

५. आता आत. बहुतेक कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय आणि त्याच्या केबल आधी, बोर्ड नंतर. प्रोसेसरची ८ पिनी केबल बोर्ड बसवतानाच लावून घ्या, कारण ते तोंड कोपऱ्यात आणि कूलरच्या आड असतं. समोरच्या बटणांच्या बारीक पिनाही याच वेळी.

६. रायझर असेल तर ती तीव्र कोनात मोडू नका.

७. कार्ड सगळ्यात शेवटी.

तपासा: झाकण लावण्याआधी कार्डाचा कनेक्टर पूर्ण आत गेला आहे का, हे टॉर्च लावून पाहा. कडेला फट दिसता कामा नये.

## १०. झाकण बंद करून चाचणी

बाजू उघड्या ठेवून घेतलेलं तापमान विसरा. सगळी झाकणं लावा, कॅबिनेट जिथे कायम राहणार आहे त्याच जागी ठेवा, आणि अर्धा तास रोजचं जड काम चालवा. एएम५ प्रोसेसरची मर्यादा साधारण ९५ अंश आहे, ७८००एक्स३डी ची ८९. त्या मर्यादेला चिकटून वेग घसरत असेल तर आधी वॅट कमी करा. कार्डाची वीजमर्यादाही ८०-८५ टक्क्यांवर आणून पाहा. फ्रेम थोड्या कमी होतात, आवाज मात्र बराच उतरतो.

मग तीच चाचणी एक झाकण काढून करा. झाकण काढल्यावर तापमान दहा अंशांहून जास्त उतरलं तर हवेची वाट कुठेतरी बंद आहे. बहुतेक वेळा एखादा पंखा उलटा बसलेला असतो, केबलचा गुंता पंख्यासमोर आलेला असतो, किंवा जाळीची बाजू भिंतीला टेकलेली असते. पंखा कोणत्या दिशेने वाहतो हे त्याच्या चौकटीवरून ओळखता येतं: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.